क्वांटम मटेरियल्सच्या संगणकीय भौतिकशास्त्रात फेलोशिपसह पीएचडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेले, नेटच्या निकालाची वाट बघत बसलेले आणि नोकरी सोडून पुन्हा अभ्यासाकडे वळू पाहणारे, अशा तिन्ही प्रकारच्या लोकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फेलोशिपच्या रकमा, वयाच्या अटी आणि तारखा बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका.

१. क्वांटम मटेरियल्स म्हणजे काय? सगळेच पदार्थ क्वांटम नसतात का?

असतात. तांब्याची तारसुद्धा क्वांटम यांत्रिकीशिवाय समजत नाही. पण तांब्यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू एकटाच फिरतोय असं धरलं तरी उत्तर बऱ्यापैकी बरोबर येतं. हे गृहीतक जिथे कोसळतं, किंवा जिथे इलेक्ट्रॉनच्या तरंगफलनाची टोपॉलॉजीच (ताणलं-वाकवलं तरी न बदलणारी घडण) महत्त्वाची ठरते, त्या पदार्थांना आज या नावाने ओळखतात.

जुनं उदाहरण निकेल ऑक्साइडचं. साध्या बँड सिद्धान्ताने, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जांचे पट्टे (बँड) मांडून, हिशोब केला तर त्याचा डी-बँड अर्धवट भरलेला निघतो, म्हणजे तो धातू असायला हवा. प्रत्यक्षात तो चांगला विद्युतरोधक आहे. दे बूर आणि फेरवे यांनी १९३७ सालीच हे दाखवून दिलं होतं. कारण असं की एकाच अणूवर आलेले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना इतकं जोरात ढकलतात की वाहणं थांबतं. नवं उदाहरण ग्राफीनच्या दोन थरांचं. एक थर दुसऱ्यावर सुमारे १.१ अंशांनी फिरवून ठेवला की इलेक्ट्रॉनचा वेग जवळजवळ शून्यावर येतो, हे बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनल्ड यांनी २०११ मध्ये गणिताने सांगितलं. २०१८ मध्ये एमआयटीतल्या पाब्लो हारिल्लो-एरेरो यांच्या गटाला त्याच कोनाच्या आसपास अतिवाहकता सापडली. संगणकीय आणि सैद्धान्तिक लोकांनी आधी बोट दाखवलं आणि प्रयोगवाले नंतर तिथे पोहोचले, असं नेहमी घडत नाही. म्हणून हे उदाहरण जो तो देतो.

२. दिवसभर नेमकं काय करायचं असतं? प्रोग्रामिंगच करायचं तर आयटी काय वाईट?

इनपुट फाइल लिहायची, क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) जॉब टाकायचा, क्यूमध्ये थांबायचं, आउटपुट आलं की आलेख काढायचा. एवढं तर कुणीही करेल. खरं काम त्यानंतरचं: समोर आलेला आकडा पदार्थाबद्दल काही सांगतोय की माझ्या गणिताच्या कच्चेपणाबद्दल?

सिलिकॉनचंच बघा. युनिट सेलमध्ये फक्त दोन अणू, लॅपटॉपवर काही मिनिटांत होणारं गणित. ४×४×४ ची के-जाळी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या तरंगसदिशांच्या नमुना-बिंदूंची जाळी, घेतली तर वहन-बँडचा तळ त्या जाळीच्या एकाही बिंदूवर पडत नाही. तो तरंगसदिशांच्या अवकाशातल्या गॅमा ते एक्स या रेषेवर साधारण ८५ टक्के अंतरावर असतो. त्यामुळे तुमचा बँड गॅप (भरलेल्या आणि रिकाम्या बँडमधलं ऊर्जेचं अंतर) खोटाच मोठा येतो. जाळी दाट केली, कटऑफ (गणितात घेतलेल्या तरंगांच्या ऊर्जेची मर्यादा) वाढवला, की गॅप खाली येऊन ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास स्थिरावतो आणि मग कितीही दाट जाळी घ्या, हलत नाही. प्रयोगातला आकडा मात्र कमी तापमानाला १.१७. पहिली चूक जाळीची होती, ती तुम्ही दुरुस्त केलीत. दुसरी चूक पीबीई या फंक्शनलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवरचा परिणाम धरणाऱ्या अंदाजी सूत्राच्या, स्वभावातली आहे, ती संगणकाचे तास वाढवून जात नाही. या दोन चुका वेगळ्या ओळखता येणं म्हणजे या क्षेत्रातलं निम्मं शिक्षण. आयटीत पगार जास्त आहे यात वादच नाही.

३. डीएफटी, डीएमआरजी, मोंटे कार्लो... मी यातलं काय निवडू?

ढोबळमानाने दोन घराणी आहेत.

पहिल्यात खऱ्या पदार्थापासून सुरुवात होते: अणू कोणते, कुठे बसलेत, एवढं दिलं की बाकी गणित. डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे डीएफटी, याचा कणा आहे. पाया होहेनबर्ग-कोन (१९६४) आणि कोन-शॅम (१९६५) यांच्या लेखांचा. वॉल्टर कोन यांना १९९८ चं नोबेल मिळालं ते मात्र रसायनशास्त्राचं.

दुसऱ्या घराण्यात पदार्थाचे तपशील बाजूला ठेवून हबर्डसारखं (जाळीवर उड्या मारणारे आणि एकाच जागी आले की एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉन) साधं मॉडेल घेतात आणि ते शक्य तितकं नेमकं सोडवतात. साधं म्हणजे लिहायला साधं. ४० स्पिनांची साखळी घेतली (प्रत्येक स्पिन वर किंवा खाली) तर अवस्था होतात २ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी. एका अवस्थेला ८ बाइट धरले तर एकच सदिश साठवायला जवळपास ९ टेराबाइट मेमरी लागते, आणि एक स्पिन वाढवला की ती दुप्पट होते. सममिती वापरून ही मागणी बरीच खाली आणता येते, पण भिंत जागची हलत नाही. ती चुकवण्यासाठीच स्टीव्ह व्हाइट यांची १९९२ ची डीएमआरजी (डेन्सिटी मॅट्रिक्स रिनॉर्मलायझेशन ग्रुप) पद्धत आली, जी एका मितीत अफाट चालते. क्वांटम मोंटे कार्लो यादृच्छिक नमुने घेऊन मोठ्या प्रणाली हाताळतं, पण फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखे कण) आले की बहुतेक वेळा चिन्ह-समस्या आडवी येते: धन आणि ऋण पदं एकमेकांना खोडतात आणि उत्तर गोंगाटात बुडतं. तिच्यावर सरसकट उपाय सापडणं किती अवघड आहे, हे ट्रोयर आणि वीझे यांनी २००५ मध्ये दाखवलं. दोन्ही घराण्यांना जोडणारा पूल म्हणजे डीएमएफटी (डायनॅमिकल मीन-फील्ड थिअरी). खरा पदार्थही हवा आणि इलेक्ट्रॉनांची भांडणंही हवीत, तर ती शिका.

माझं मत विचाराल तर: अजून काहीच ठरलं नसेल तर डीएफटीपासून सुरुवात करा. गट जास्त, जागा जास्त, बाहेर पडल्यावर वाटाही जास्त. सांख्यिकी यांत्रिकी आणि सेकंड क्वांटायझेशनचे पेपर तुम्ही मजेने सोडवले असतील तर मॉडेलवाल्यांकडे जा. तिथे गर्दी कमी आणि गणित खोल.

४. एम.एस्सी. फिजिक्सच लागतं का? केमिस्ट्री किंवा इंजिनिअरिंगवाल्यांचं काय?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर थेट प्रवेश घेता येतो. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) इथे बी.एस्सी.नंतरचा इंटिग्रेटेड पीएचडीचा रस्ताही आहे. केमिस्ट्रीवाल्यांनी पुण्याच्या एनसीएलमधले (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले) आणि आयआयटींच्या रसायनशास्त्र विभागांतले संगणकीय गट बघावेत. बी.टेक. असाल तर मटेरियल्स सायन्स विभाग जवळचे पडतील. मात्र मुलाखतीत क्वांटम मेकॅनिक्सचे प्रश्न कुणालाच चुकत नाहीत.

५. नेट, गेट, जेस्ट, टीआयएफआर: सगळ्या परीक्षा द्यायच्या का?

शक्य असेल तर हो, कारण अभ्यास एकच आहे. फरक आहे तो निकालाने काय हाती लागतं यात.

सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. त्यात जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर फेलोशिप तुमच्या नावावर येते, संस्थेच्या नाही. हा फरक किती मोठा आहे ते प्र. १५ मध्ये कळेल. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि आयआयटींच्या विभागांत मुलाखतीला बोलावणं येण्यासाठी उपयोगी पडतो. तिथली असिस्टंटशिप घेतली की ट्युटोरियल आणि लॅब घेण्याचं कामही येतं. जेस्ट वर्षातून एकदा. एकाच परीक्षेवर आयएमएससी (गणितीय विज्ञान संस्था), एचआरआय (हरीश-चंद्र संशोधन संस्था), एस. एन. बोस सेंटर अशा अनेक संस्थांची दारं उघडतात. टीआयएफआर स्वतःची वेगळी परीक्षा घेते. पाठांतराने ती सुटत नाही, हे ओळखणं हीच एका अर्थी तिची तयारी.

एक सापळा लक्षात ठेवा. २०२४ पासून नेटच्या निकालात ‘फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र’ असा तिसरा गट आला आहे. घरी पेढे वाटून झाल्यावर बऱ्याच जणांना कळतं की यात प्रवेशाची पात्रता आहे, फेलोशिप नाही.

परीक्षा चाळणी लावते. जागा मुलाखतीत मिळते. फळ्याशी उभं करून ‘दोन वेगळ्या वस्तुमानांच्या अणूंची एकमितीय साखळी घ्या, फोनॉनच्या शाखा काढा, आता दोन्ही वस्तुमानं सारखी केली तर काय होईल?’ एवढंच विचारतात आणि त्यावर वीस मिनिटं घालवतात. सूत्र न आठवणं चालतं, गप्प उभं राहणं चालत नाही.

६. महिन्याला हातात किती येतात आणि देतं कोण?

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. ही पहिली दोन वर्षं. नंतर समितीसमोर कामाचा आढावा झाला की एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप), दरमहा ४२,०००. वर घरभाडं भत्ता, तो शहरानुसार. मुंबई आणि पुणे सर्वांत वरच्या गटात आहेत, पण हॉस्टेलची खोली घेतलीत तर तो मिळत नाही. सीएसआयआरच्या फेलोशिपला वर्षाला २०,००० रुपयांची कॉन्टिन्जन्सीही (संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम) असते.

पंतप्रधान संशोधन फेलोशिप, म्हणजे पीएमआरएफ, सुरू झाली २०१८ मध्ये आणि तिची रक्कम बरीच मोठी ठेवली गेली: पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, पुढे ८०,०००, शिवाय वर्षाला दोन लाखांचा संशोधन निधी. निवड अर्थातच कडक. विद्यापीठात पहिला क्रमांक असेल तर इन्स्पायर फेलोशिपची जाहिरात बघायला विसरू नका.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी चार नावं: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. या चारही ठिकाणी आधी पीएचडीची नोंदणी असावी लागते, म्हणजे प्रवेश आधी, अर्ज नंतर. पीएचडीच्या नोंदणीपत्रावरची तारीख नीट तपासून घ्या. कागदपत्रांच्या पडताळणीत बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. दुसरी मिळाली तर पहिली सोडल्याचं पत्र द्यावं लागतं.

७. फेलोशिप महिनोन्‌महिने अडकते असं ऐकलं. खरं का?

खरं. सुरुवातीचा हप्ता जॉइनिंग रिपोर्ट, बँक तपशील आणि दोन-तीन सह्यांच्या मागे रेंगाळतो. निदान चार महिन्यांच्या खर्चाची सोय करूनच रुजू व्हा. संस्थेच्या स्वतःच्या फेलोशिपवर असणाऱ्यांना हा त्रास कमी होतो.

८. जेआरएफ हुकली. स्वखर्चाने नोंदणी करून ठेवू का? पुढे मिळेल काहीतरी.

करू नका. हे इतकं स्पष्ट सांगायचं कारण असं की पैसे नसलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी तासिका तत्त्वावर शिकवायला लागतो, मग खासगी क्लासमध्ये, आणि संशोधन रात्रीचं उरतं. आपल्या क्षेत्रात न रसायनं लागतात न उपकरणं, म्हणून ‘घरून करता येईल’ असं वाटतं. घरून गणित करता येतं. गटातली रोजची चर्चा आणि क्लस्टरवरचे तास घरी येत नाहीत.

त्याऐवजी एएनआरएफ (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) किंवा इतर संस्थेच्या निधीतून चालणाऱ्या प्रकल्पावर प्रोजेक्ट असोसिएट म्हणून जा. पगार कमी असतो, पण काम शिकता येतं, पेपरवर नाव येतं आणि पुढची नेट देता येते. दुसरा, फारसा कुणाला माहीत नसलेला रस्ता इटलीतल्या त्रिएस्तचा: आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकशास्त्र केंद्राचा पदव्युत्तर डिप्लोमा. एक वर्षाचा, विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी, शिष्यवृत्तीसह, आणि त्यात कंडेन्स्ड मॅटरची (घन आणि द्रव पदार्थांच्या भौतिकशास्त्राची) स्वतंत्र शाखा आहे. त्याच गावात सिसा ही संस्था आहे, जिथे क्वांटम एस्प्रेसो या डीएफटी कोडची पाळंमुळं आहेत. डिप्लोमा करून तिथे किंवा युरोपात इतरत्र पगारी पीएचडीला लागलेले अनेक जण आहेत.

अपवाद एकच: आधीच कायम नोकरी असलेल्यांचा. तो प्र. १४ मध्ये.

९. महाराष्ट्रात हे काम कुठे चालतं? बाहेर जावंच लागेल का?

मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी. पुण्यात आयसर, विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आणि एनसीएल. पुणे विद्यापीठात संगणकीय पदार्थविज्ञानाची जुनी परंपरा आहे. सी-डॅकही पुण्याचंच, जिथून १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बाहेर पडला. बाहेर बघायचं तर बंगळुरूला आयआयएससी, जेएनसीएएसआर आणि आयसीटीएस, प्रयागराजला एचआरआय, कोलकात्याला एस. एन. बोस सेंटर, चेन्नईला आयएमएससी.

पण संस्थेच्या नावावर जाऊ नका. एकाच संस्थेत एक गट दर आठवड्याला बसून बोलतो आणि दुसऱ्यात विद्यार्थी गाईडला महिन्यातून एकदा कॉरिडॉरमध्ये भेटतो. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन करून तीनच गोष्टी विचारा: पहिला पेपर किती दिवसांनी आला, मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, क्लस्टरवर जॉब किती वेळ क्यूमध्ये थांबतो. तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात, पण उत्तर खरं देतात. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ मध्ये मंजूर झालं. त्यातून आयसर पुण्याला परम ब्रह्म आणि आयआयएससीला ३.३ पेटाफ्लॉप्सचा परम प्रवेग मिळाला, तरी यंत्र असणं आणि तुमच्या वाट्याला तास येणं यात अंतर आहेच.

१०. आमच्या कॉलेजात क्लस्टर नाही, शिकवायलाही कुणी नाही. अर्जात दाखवू काय?

लॅपटॉप पुरतो. क्वांटम एस्प्रेसो, वॅनिअर९०, आयटेन्सर हे सगळे कोड फुकट आणि मुक्त आहेत. प्र. २ मधलं सिलिकॉनचं गणित स्वतः करून, कटऑफ आणि के-जाळीचे आलेख काढून, दोन पानांचं टिपण लिहा.

मॉडेलकडे ओढा असेल तर याहून चांगला सराव आहे. १६ स्पिनांची हायझेनबर्ग साखळी (प्रत्येक स्पिन फक्त शेजाऱ्यांशी जोडलेला) पायथनमध्ये स्वतः लिहा. एकूण अवस्था ६५,५३६. पण एकूण स्पिन-झेड शून्य असलेल्याच घेतल्या की उरतात १२,८७०. लँक्झोस पद्धतीने (मोठ्या मॅट्रिक्सचं सर्वांत खालचं मूल्य शोधण्याची रीत) तळाची ऊर्जा काढा, स्पिनांच्या संख्येने भागा आणि बेथे यांच्या १९३१ च्या रीतीतून मिळणाऱ्या अनंत साखळीच्या उत्तराशी ताडून बघा: १/४ उणे ln २, म्हणजे −०.४४३१ जे (जे ही शेजारच्या स्पिनांमधल्या जोडाची ताकद). टोकं जोडलेल्या साखळीत तुमचं उत्तर त्याच्या किंचित खाली येईल. ८, १०, १२, १४, १६ असे आकडे घेऊन १/एन² समोर (एन म्हणजे स्पिनांची संख्या) आलेख काढलात की बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसतात आणि रेषा बेथेच्या आकड्याकडे जाते. हे सगळं गिटहबवर नीट वाचता येईल असं ठेवा. निवड समितीतल्या माणसाला दहा ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा हा एक आलेख जास्त सांगतो.

व्हास्प हा डीएफटी कोड पैसे देऊन, गटाच्या नावाने परवाना घेऊन वापरायचा असतो. कुणाकडून तरी मिळालेली प्रत वापरून तो सीव्हीवर लिहू नका. मुलाखतीत ‘परवाना कुणाचा?’ असं विचारतात.

११. गाईडला मेल पाठवला की उत्तरच येत नाही. काय चुकतं?

‘आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत संशोधन करण्याची मला तीव्र इच्छा आहे’ असा मेल त्यांना रोज येतो, बहुधा दुसऱ्याच प्राध्यापकाचं नाव वर राहून गेलेला. सैद्धान्तिक गटाला ‘प्रयोगशाळा’ म्हटलेलं तर लगेच डोळ्यांत भरतं.

मेल इंग्रजीतच जाईल, पण आतला ऐवज असा हवा (यू म्हणजे एकाच अणूवरचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना किती जोरात ढकलतात त्याचं माप): ‘तुमच्या निकेलेटवरच्या लेखात यू चं मूल्य लिनिअर रिस्पॉन्सने काढलं आहे. मी निकेल ऑक्साइडवर वेगवेगळ्या यू नी गणित केलं. यू वाढवला की गॅप वाढत जातो, पण थांबायचं कुठे ते मला ठरवता आलं नाही. टिपण सोबत जोडलं आहे. येत्या सत्रात जागा आहे का, आणि असल्यास निधी कुठला, हे कळेल का?’ सात-आठ ओळी, एक जोडपत्र, एक नेमका प्रश्न.

तरीही ‘जागा नाही’ असं उत्तर आलं तर ते खरं असू शकतं. यूजीसीच्या नियमांत प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे.

१२. परदेशात पीएचडी म्हणजे शिक्षण की नोकरी? कर्ज काढावं लागतं का?

या विषयात कर्ज काढून पीएचडी करायची वेळ येत असेल तर ती जागा सोडा.

जर्मनीत बहुतेक वेळा तुम्ही कर्मचारी असता. पगार टीव्ही-एल ई१३ या सार्वजनिक सेवेच्या वेतनश्रेणीत, पण भौतिकशास्त्रात पूर्ण नव्हे. ५० ते ७५ टक्क्यांची जागा असते आणि काम पूर्ण वेळचं. त्यातून कर आणि विमा कापला जातो. जाहिरातीत टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचा. हॅम्बुर्गची पदार्थांच्या रचना आणि गतिकीची माक्स प्लांक संस्था, ड्रेस्डेनमधल्या दोन माक्स प्लांक संस्था, श्टुटगार्ट, व्युर्त्सबुर्ग ही या विषयाची ठळक ठिकाणं. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्येही नोकरीच; जागा निघेल तशी जाहिरात येते, त्यामुळे वर्षभर लक्ष ठेवावं लागतं.

अमेरिकेत शिक्षणशुल्क माफ होतं आणि टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपवर खर्च चालतो. पाच-सहा वर्षं लागतात, पण बी.एस्सी.नंतरही जाता येतं. अर्ज साधारण डिसेंबर ते जानेवारीत, आणि मिळालेल्या ऑफरवर बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत विचार करू देतात. ती मुदत तुमच्या हक्काची आहे, घाईने हो म्हणू नका. २०२५ मध्ये संघराज्य निधीच्या गोंधळात अनेक विभागांनी जागा कमी केल्या, त्यामुळे फक्त अमेरिकेवर विसंबणं सध्या जोखमीचं.

ब्रिटनमध्ये यूकेआरआयच्या (सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या) निधीतल्या जागांवर परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंतच ठेवलेलं आहे. तिथे ‘ऑफर आली’ आणि ‘निधी मिळाला’ ही दोन वेगळी पत्रं असतात. पहिल्यावर तिकीट काढू नका.

१३. मी जर्मनीत मास्टर्स करतोय. मेरी क्युरी नेटवर्कची जागा मिळेल का?

मिळेल, पण बहुधा जर्मनीत नाही. युरोपीय संघाच्या निधीतून अनेक देशांतल्या संस्था मिळून चालवतात त्या या पीएचडी-नेटवर्कचा नियम असा की भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. दोन वर्षं जर्मनीत मास्टर्स केलेल्या मुलाला म्युनिकची जागा बंद, पण त्याच नेटवर्कमधली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची खुली. उलट पुण्याहून थेट अर्ज करणाऱ्याला सगळे देश मोकळे. राष्ट्रीयत्वाशी याचा काही संबंध नाही, फक्त राहण्याशी आहे. आधीच पीएचडी झालेली असेल तर मात्र अपात्र.

१४. मी सीनिअर कॉलेजात कायम आहे. नोकरी सांभाळून होईल का?

२०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे. संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्यात संशोधनासाठी वेळ व सुविधा देऊ असं लिहून द्यावं लागतं. फेलोशिप मिळत नाही. पगार चालू असतो म्हणून चालून जातं. सुट्ट्यांमध्ये जॉब लावून सत्रात विश्लेषण करणारे शिक्षक आहेत आणि त्यांचं काम चांगलं होतं, फक्त चिन्ह-समस्येसारख्या विषयाशी झटापट करायला घेऊ नका.

१५. गाईडशी पटत नाही. बदलला तर फेलोशिप जाते का?

पैसा कुणाच्या नावावर आहे, यावर सगळं अवलंबून. नेट-जेआरएफ किंवा राज्याची फेलोशिप असेल तर परवानगीची पत्रं गोळा करून ती सोबत नेता येते. गाईडच्या प्रकल्पातून पगार मिळत असेल तर गाईड सुटला की पगारही सुटला, आणि त्या प्रकल्पात तयार झालेला डेटाही तिथेच राहतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच ‘निधी कुठला आणि कधीपर्यंत?’ हे विचारायला लाजू नका. पाच वर्षांच्या कामाला तीन वर्षांच्या प्रकल्पाचा पैसा असेल तर उरलेल्या दोन वर्षांचं काय, हेही त्याच बैठकीत विचारा.

१६. मधेच लग्न झालं, शहर बदललं. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?

नाही. लग्नामुळे किंवा इतर कारणाने महिला संशोधकाला दुसऱ्या शहरात जावं लागलं तर आतापर्यंतचं संशोधन नव्या संस्थेत नेण्याची तरतूद २०२२ च्या नियमांत आहे. अट: ते काम मूळ संस्थेने किंवा गाईडने मिळवलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं. पुन्हा प्र. १५ चाच मुद्दा. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण पीएचडीत २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते, आणि पूर्ण करण्याच्या मुदतीत महिलांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. जेआरएफच्या वयोमर्यादेतही महिलांना पाच वर्षांची सूट असते, त्यामुळे लग्नानंतर दोन-तीन वर्षं गेली म्हणून आशा सोडणाऱ्या मुलींनी आधी वयाचा हिशोब मांडून बघावा.

१७. मशीन लर्निंगने आता पदार्थही शोधले जातात. हे क्षेत्र संपलं का?

उलट मागणी वाढली आहे. मशीनला शिकवायला लागणारा डेटा डीएफटीतूनच येतो; २०११ पासून चालू असलेला मटेरियल्स प्रोजेक्ट हा त्यातला मोठा साठा. आणि डीएफटी जिथे चुकतं, त्या निकेल ऑक्साइडच्या जातीच्या पदार्थांत त्या डेटावर शिकलेलं मशीनही तीच चूक इमानेइतबारे करतं. पायथन आणि न्यूरल नेटवर्कची तोंडओळख मात्र आता हवीच.

१८. पाच वर्षांची फेलोशिप संपली, थिसिस बाकी आहे. आता?

हा प्रश्न पाचव्या वर्षाच्या शेवटी येतो, तो चौथ्याच्या शेवटी यायला हवा. नियमाने पीएचडीला सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. फेलोशिप मात्र पाचलाच थांबते. मधला काळ भरून काढायचे तीन मार्ग आहेत: संस्थेची मुदतवाढ, गाईडच्या चालू प्रकल्पातलं पद, किंवा सिनॉप्सिस (थिसिसचा सारांश) देऊन बाहेरच्या गटात लवकर रुजू होणं. तिसऱ्यासाठी गाईडचं ‘थिसिस सादर झाला आहे’ किंवा ‘अमुक महिन्यात सादर होईल’ असं पत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. मुदतवाढीचा अर्ज फेलोशिप संपण्याच्या सहा महिने आधी, आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) बैठकीच्या इतिवृत्तासह द्या. संपल्यावर मागितलेली वाढ मागच्या तारखेपासून मिळेलच असं नाही.